महाडच्या आगीतून आलेली पोटगी

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाड येथील कोर्टाच्या ओसरीवर कडेवर मूल घेऊन पोटगीच्या तारखेला आलेली बाई दिसली की आम्हाला बाबासाहेब आठवतात. तिच्या हातातल्या अर्जामागे एका महामानवाचे आयुष्य उभे आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची आई लहानपणीच गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. पुढे ते परदेशी शिकत असताना माता रमाईने अपुऱ्या पैशात संसार ओढला, पोटची मुले गमावली. बाईच्या हाती पैसा नसला की घराचे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

मार्च १९२७ मध्ये त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात ते पद्मावती बोटीने कार्यकर्त्यांसह निघाले, हरिहरेश्वरमार्गे दासगाव बंदरात उतरले आणि महाडला पोचले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. नवऱ्याने विकली वा टाकली तरी बायको त्याच्यापासून सुटत नाही, असे सांगणारा तो ग्रंथ! ती आग जितकी अस्पृश्यांची होती, तितकीच टाकलेल्या बाईचीही होती. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना मुलींना शिकवा म्हणून बजावले. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत नवऱ्याची दासी होऊ नका, हेच पुन्हा सांगितले.

कायदामंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. घटस्फोट, एकपत्नीत्व, पोटगी, वारसा हे सारे त्यात होते. सनातन्यांनी काहूर माजवले. सरकारने कच खाल्ली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. सत्तेसाठी तत्त्व सोडणारे अनेक पाहिले. स्त्रियांच्या हक्कासाठी सत्ता सोडणारा हा एकच.

पुढे तेच बिल तुकड्यातुकड्याने मंजूर झाले. १९५५ च्या विवाह कायद्यात घटस्फोट, पोटगी व मुलांचा ताबा आला. दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी आला, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला पंधरा दिवस झाले होते. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत.

आज कोर्ट नवऱ्याची कमाई, बायकोची कमाई, दोघांची गरज आणि राहणीमान पाहून पोटगी ठरवते. मूल कोणाकडे राहील हे ठरवताना मुलाचे हित सर्वांत मोठे. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. जिथे ती नाहीत तिथे दिवाणी व फौजदारी कोर्टे हे काम करतात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्या, असे ठरवून दिले. थकवली तर वॉरंट निघते, तुरुंगही घडतो.

पण आम्हाला प्रश्न आपल्याच वस्तीला विचारायचा आहे. गावकी बसते, स्टॅम्पवर काडीमोड लिहिते आणि बाई पोरासह रिकाम्या हाताने माहेरी धाडली जाते. मुंबईला नोकरी करणारा नवरा पगार लपवतो आणि त्याची साक्ष द्यायला आपलेच पुढारी उभे राहतात. हेच लोक १४ एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे असतात. जी पोथी महाडला जळली, तीच अशा बैठकीत पुन्हा वाचली जाते, असे आम्ही म्हणालो तर रागावू नये.

दर २५ डिसेंबरला आपण महाडला जातो. यंदा जाण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या गावात पोटगीविना बसलेली एक तरी बहीण शोधावी, तिला वकील मिळवून द्यावा, तालुका विधी सेवा समितीचा मोफत अर्ज भरून द्यावा आणि तारखेला तिच्यासोबत कोर्टात जावे. बाबासाहेबांना अभिवादन करायचे तर ते असे करावे. जयभीम!