महाराजा दुलीपसिंह आणि कोहिनूर

पंजाबचा सिंह म्हणून ज्यांची ख्याती होती, त्या महाराजा रणजितसिंहांचे सर्वांत धाकटे पुत्र दुलीपसिंह यांचा जन्म इ. स. १८३८ मध्ये लाहोर येथे झाला. मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच जून १८३९ मध्ये पित्याचे छत्र हरपले.

रणजितसिंहांचा पोशाख साधा असे. पण दरबाराच्या दिवशी त्यांच्या दंडावर कोहिनूर झळके. सोन्यावर मीनाकाम केलेला बाजूबंद, त्याच्या मधोमध कोहिनूर आणि दोन्ही अंगांस एकेक लहान हिरा, अशी त्या अलंकाराची घडण होती. पानिपतावर मराठ्यांशी लढलेल्या अहमदशहा अब्दालीच्या खजिन्यात हा हिरा होता. अब्दालीचा नातू शाहशुजा राज्य गमावून लाहोरच्या आश्रयास आला, तेव्हा १८१३ मध्ये रणजितसिंहांनी त्याच्याकडून तो मिळवला. आश्रिताकडून अशा रीतीने रत्न घेणे त्या थोर पुरुषास फारसे शोभले नाही. महाराज मृत्युशय्येवर असताना कोहिनूर जगन्नाथपुरीच्या देवास अर्पण करावा, असा विचार निघाला होता. परंतु तोशाखान्याचे अधिकारी मिश्र बेलीराम यांनी तो देण्याचे नाकारले. रत्न राज्याचे आहे, ते राज्याच्या वारसाकडेच गेले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

पुढील चार वर्षांत लाहोरच्या गादीवर एकामागून एक वारस आले आणि बहुतेक रक्तपातातच नाहीसे झाले. सप्टेंबर १८४३ मध्ये अवघ्या पाच वर्षांच्या दुलीपसिंहांना गादीवर बसवण्यात आले. पित्याचा बाजूबंद आता त्यांच्या चिमुकल्या दंडावर बांधला जाऊ लागला. कारभार त्यांच्या मातोश्री महाराणी जिंदन पाहत. पहिल्या युद्धात शिखांचा पराभव झाला आणि १८४६ पासून लाहोरात इंग्रजांचा अंमल चालू लागला. पुढच्या वर्षी तेजसिंह नावाच्या सरदाराला राजा ही पदवी द्यावयाची होती. त्याच्या कपाळी बालमहाराजांनी टिळा लावावा, अशी योजना होती. भर दरबारात त्या आठ वर्षांच्या मुलाने हात मागे घेतला आणि टिळा लावण्याचे नाकारले. ही शिकवण आईचीच, असे इंग्रजांनी ठरवले आणि थोड्याच दिवसांत मातापुत्रांची ताटातूट केली.

दुसऱ्या युद्धानंतर २९ मार्च १८४९ रोजी लाहोरच्या किल्ल्यात अखेरचा दरबार भरला. दहा वर्षांच्या मुलाने समोर ठेवलेल्या तहावर सही केली. राज्य गेले आणि तहाच्या एका कलमाने कोहिनूरही इंग्लंडच्या राणीकडे गेला. त्या हिऱ्यास पुढे अनेकांनी नजराणा म्हटले. परंतु ज्याचे राज्य जिंकले गेले आहे, अशा अजाण बालकाच्या सहीने दिलेल्या वस्तूस नजराणा म्हणणे कठीण आहे. गव्हर्नर जनरल डलहौसी याने हिरा कमरपट्ट्यात शिवून स्वतः मुंबईस आणला. तेथून एप्रिल १८५० मध्ये तो जहाजाने रवाना झाला.

१८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात लोकांनी कोहिनूर पाहण्यासाठी गर्दी केली आणि त्यांची निराशा झाली. आपल्याकडील जुने रत्नकार दगडाच्या मूळ आकाराला धरून पैलू पाडीत आणि वजन शक्य तितके राखीत. त्यामुळे रत्न भारदस्त दिसे, पण त्यातून प्रकाश फारसा उसळत नसे. युरोपातील कारागीर वजनापेक्षा तेजाला अधिक मान देत. हिऱ्याला हिराच कापतो. म्हणून तेल आणि हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या चाकावर तो घासावा लागतो. १८५२ मध्ये ॲम्स्टरडॅमहून कारागीर बोलावण्यात आले, चाके फिरवण्यास लहानसे वाफेचे यंत्र बसवण्यात आले आणि अडतीस दिवस काम चालले. हिरा झगमगू लागला. परंतु आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरट असलेले त्याचे वजन १०५.६ कॅरटवर आले.

इकडे दुलीपसिंहांना पंजाबातून हलवून फतेहगड येथे डॉ. लॉगिन यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. तेथे त्यांचे केस कापले गेले. १८५३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढील वर्षी ते इंग्लंडास गेले. राणी व्हिक्टोरियाचा या देखण्या मुलावर लोभ जडला. राजवाड्यात त्यांचे चित्र काढले जात असताना एके दिवशी राणीने कोहिनूर आणवून त्यांच्या हाती ठेवला. तो घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ उजेडात न्याहाळत उभे राहिले. पित्याच्या दंडावरचा हिरा केवढा तरी लहान झाला होता. राजवाड्यातील मंडळींनी श्वास रोखून धरला होता. शेवटी ते वळले आणि नम्रपणे त्यांनी तो राणीच्या हाती दिला. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे कोणास कळले नाही.

महाराणी जिंदन १८४९ मध्ये चुनारच्या किल्ल्यातून वेषांतर करून निसटल्या होत्या आणि नेपाळात राहिल्या होत्या. १८६१ मध्ये कलकत्त्यास मातापुत्रांची भेट झाली. तेव्हा आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. दुलीपसिंह तिला आपल्याबरोबर इंग्लंडास घेऊन गेले. १८६३ मध्ये ती तेथेच वारली. पुढील वर्षी पुत्राने तिचे शव भारतात आणले, परंतु पंजाबात नेण्याची परवानगी मिळाली नाही. अखेर नाशिक येथे गोदावरीच्या तीरी तिला अग्नी देण्यात आला.

आईच्या सहवासाने जुन्या आठवणी जाग्या झाल्या होत्या. पुढे सरकारशी दुलीपसिंहांचा वाद वाढत गेला. १८८६ मध्ये ते सहकुटुंब भारताकडे निघाले; पण एडन येथे त्यांना अडवण्यात आले. तेथेच त्यांनी पुन्हा शीख धर्माची दीक्षा घेतली. रशियाचे साहाय्य मिळवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि इंग्लंडमधील एल्वेडन या गावी त्यांना पुरण्यात आले.

कोहिनूर १९३७ मध्ये घडवलेल्या राणीच्या मुकुटात बसवलेला आहे. रणजितसिंहांचा बाजूबंदही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. हिऱ्यांच्या जागी त्यात आता स्फटिक बसवले आहेत. नाशिकास ठेवलेल्या महाराणी जिंदन यांच्या अस्थी मात्र १९२४ मध्ये त्यांची नात बंबा हिने लाहोरास नेल्या आणि रणजितसिंहांच्या समाधीजवळ ठेवल्या.