हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि राजा झाला. पण एका आज्ञाभंगाने शौलाचं सिंहासन कसं गेलं?

घरची गाढवं हरवली म्हणून एक तरुण ती शोधायला निघतो आणि परत येतो तो राजा होऊनच. बायबलमधली शौलाची गोष्ट इथून सुरू होते.

शौल हा इस्राएलचा पहिला राजा. काळ साधारण इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाचा. बन्यामीन वंशातल्या कीशाचा हा मुलगा इतका उंच होता की गर्दीत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. गाढवांचा पत्ता विचारायला तो शमुवेल संदेष्ट्याकडे गेला आणि शमुवेलाने देवाच्या सांगण्यावरून त्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याचा अभिषेक केला.

तेव्हा शौल इतका लाजाळू होता की मिस्पा इथे राजा म्हणून त्याचं नाव निघालं, तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता.

सुरुवात तर दमदार झाली

अम्मोनी राजाने याबेश-गिलाद शहराला वेढा घातला, तेव्हा शौलाने फौज जमवून ते शहर सोडवलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पण पलिष्ट्यांशी लढाई तोंडावर आली आणि पहिली चूक झाली. शमुवेल येईपर्यंत गिलगाल इथे सात दिवस थांबायचं होतं. तो वेळेत आला नाही, सैनिक पळू लागले. शौल घाबरला आणि त्याने स्वतःच यज्ञ उरकून टाकला. तेवढ्यात शमुवेल आला आणि त्याने सांगितलं, तुझं राज्य टिकणार नाही.

मग अमालेकी प्रकरण घडलं

अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, जनावरंही ठेवू नकोस, असा आदेश शौलाला मिळाला. आजच्या वाचकाला हा आदेश भयंकर वाटतो आणि त्यावर वादही होतात. पण शौलाने आदेश मोडला तो दयेपोटी नाही. सामान्य माणसं मारली गेली, राजा अगाग मात्र जिवंत राहिला. टाकाऊ जनावरं कापली, धष्टपुष्ट गुरं-मेंढरं राखून ठेवली.

शमुवेलाने जाब विचारला, तर शौल आधी म्हणाला की आज्ञा पाळली. मग दोष लोकांवर ढकलला. गुरं देवाला अर्पण करण्यासाठीच ठेवली, अशी सारवासारवही केली. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं मोठं, हे शमुवेलाने त्याला तिथेच सुनावलं. शेवटी शौलाने चूक कबूल केली, पण वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा, ही विनंतीही सोबत केली.

शिक्षा लगेच दिसली नाही

सिंहासन त्या दिवशी गेलं नाही. गेली ती मनाची शांती. शौल बेचैन होऊ लागला, तेव्हा वीणा वाजवायला दावीद नावाचा तरुण आला. त्याने गल्याथाला पाडलं, लोक त्याचं कौतुक करू लागले आणि शौल मत्सराने पेटला. त्याने दावीदावर भाला फेकला. दावीदाला मदत केल्याच्या संशयावरून नोबमधल्या 85 याजकांना ठार करवलं.

ज्या भूतविद्येवर त्याने स्वतः बंदी घातली होती, तिच्याच दारात तो शेवटी वेश बदलून गेला. एन-दोरच्या बाईकडून त्याला कळलं, उद्या सगळं संपणार.

दुसऱ्या दिवशी गिलबोवा डोंगरावर योनाथानासह त्याचे तीन मुलगे पडले. जखमी शौलाने स्वतःच्याच तलवारीवर अंग टाकलं. पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत बेथ-शानच्या भिंतीवर टांगलं. ते रात्रीतून काढून आणलं याबेश-गिलादच्या माणसांनी. कधीकाळी शौलाने केलेले उपकार ते विसरले नव्हते.

मग दावीद का तरला?

दावीदानेही पुढे मोठं पाप केलं. बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. परिणाम त्यालाही भोगावे लागले, त्याचं मूल दगावलं, घरात बंड झालं. पण नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगताच त्याने एकही सबब न देता पाप मान्य केलं.

बायबलच्या मांडणीत दोघांमधला फरक इथे आहे. चूक दोघांनीही केली, पण शौलाला शेवटपर्यंत देवापेक्षा लोक काय म्हणतील याचीच धास्ती जास्त होती.