आपल्या मिशिगनचे न्यायमूर्ती मर्फी

मर्फी म्हटलं की आपल्या आई-वडिलांना रेडिओ आठवतो, आणि आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना ऐन डेमोच्या वेळी सिस्टिम बंद पाडणारा मर्फीचा नियम! ज्या मर्फींची ओळख मी करून देणार आहे ते मात्र वेगळे. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी. आपल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठाचे पदवीधर.

त्यांचा जन्म १८९० सालचा, ह्युरॉन सरोवराकाठच्या हार्बर बीच गावातला. घराणं आयरिश कॅथलिक, वडील वकील. १९१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात सैन्यात होते, मग डेट्रॉइटमध्ये सरकारी वकील झाले आणि १९२३ मध्ये लोकांच्या मतांनी निवडून येऊन तिथल्या रेकॉर्डर्स कोर्टाचे न्यायाधीश.

तिथे त्यांच्यासमोर आला तो डॉ. ऑसियन स्वीट यांचा खटला. सप्टेंबर १९२५ मध्ये या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी डेट्रॉइटच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. राहायला आल्यावर दुसऱ्याच रात्री घराबाहेर जमाव जमला, दगडफेक सुरू झाली. घरातून गोळ्या सुटल्या आणि बाहेरचा एक माणूस मेला. डॉक्टर, त्यांची पत्नी, भाऊ, मित्र अशा अकरा जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. ज्यूरी सगळी गोऱ्यांची.

आपल्याला सवय असते की प्रोग्रॅम तोच, इनपुट तोच, तर आउटपुटही तोच यायला हवा. कोर्टात तसं होत नाही. घरावर हल्ला होईल अशी रास्त भीती वाटली तर माणसाला प्रतिकार करता येतो, हा कायदा दोन्ही बाजूंना मान्यच होता. भांडण होतं ते 'रास्त' या एका शब्दावर. सरकारी पक्ष म्हणत होता, बाहेर फारशी माणसं नव्हती, मग भीती कसली? बचावाचे वकील होते प्रसिद्ध क्लॅरेन्स डॅरो (तेही एक वर्ष ॲन आर्बरलाच कायदा शिकले होते). त्यांचा मुद्दा असा, की भीती मोजायची ती घरात कोंडलेल्या माणसाच्या मनाने. कृष्णवर्णीयांच्या जमावाने केलेल्या हत्या आणि दंगली ज्याला लहानपणापासून ठाऊक आहेत, त्याला त्या रात्री खिडकीतून काय दिसलं असेल?

मर्फींनी डॉक्टरांना हा सगळा अनुभव साक्षीत सांगू दिला. वरवर पाहिलं तर हा पुराव्याच्या नियमातला एक बारीक निर्णय, पण बचावाची सगळी भिस्त त्याच्यावर होती. ज्यूरीला कायदा समजावतानाही त्यांनी स्पष्ट सांगितलं की घर राखण्याचा हक्क गोऱ्याला जितका, तितकाच कृष्णवर्णीयालाही आहे. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. मे १९२६ मध्ये डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि पुढे बाकीच्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले.

नंतर मर्फी डेट्रॉइटचे महापौर झाले, फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले, मिशिगनचे गव्हर्नर झाले. १९३७ च्या फ्लिंट संपात कोर्टाचा हुकूम असूनही त्यांनी कामगारांवर सैनिक सोडले नाहीत. कायदा पाळला नाही म्हणून टीका झाली आणि १९३८ ची निवडणूक ते हरले. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं.

तिथे खरी कसोटी लागली. युद्धकाळात सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक! आधी १९४३ मध्ये त्यांच्यावरच्या रात्रीच्या संचारबंदीचा खटला आला. मर्फींनी विरोधी मत लिहायला घेतलं होतं, पण युद्धात कोर्टाने एकमुखी दिसावं असा सहकाऱ्यांचा आग्रह पडला आणि ते नमले. पुढच्याच वर्षी फ्रेड कोरेमात्सु यांचा खटला आला तेव्हा मात्र नमले नाहीत. सहा विरुद्ध तीन मतांनी सरकार जिंकलं. सैन्याला निर्णयाची मोकळीक हवी, असं बहुमताचं म्हणणं. मर्फींनी सैन्याची कारणंच तपासली आणि हा निव्वळ वंशद्वेष आहे असं लिहिलं.

आपल्याशी याचा काय संबंध? १९२३ ते १९४६ या काळात भारतीयांनाही इथे नागरिकत्व मिळत नव्हतं, कारण कायद्यातल्या 'गोरा माणूस' या शब्दांत आपण बसत नाही, असा अर्थ सुप्रीम कोर्टाने लावला होता. अशा लोकांना कॅलिफोर्नियात जमीनही घेता येत नसे. तो जमीन कायदा मुळातच घटनाबाह्य आहे, असं मत मर्फींनी १९४८ मध्ये नोंदवलं.

हे न्यायमूर्ती कायद्यापेक्षा मनाचं जास्त ऐकतात, अशी टीका त्यांच्यावर शेवटपर्यंत झाली. १९४९ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी ते डेट्रॉइटमध्ये वारले. कोरेमात्सु यांची शिक्षा १९८३ मध्ये रद्द झाली. २०१८ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो जुना निकाल चूक होता असं लिहिलं खरं, पण त्याच निकालात काही देशांच्या लोकांवरची प्रवासबंदी कायम ठेवली. म्हणजे वाद अजून मिटलेला नाहीच.

मंडळी, मिशिगनमध्ये बहुतेक न्यायाधीश आजही मतदानानेच निवडले जातात. त्यांची नावं मतपत्रिकेत अगदी खाली असतात आणि आपल्यापैकी बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत. ज्यांना मताचा हक्क मिळाला आहे त्यांनी पुढच्या वेळी तिथपर्यंत जरूर जावं, आणि ती नावं आधी थोडी वाचूनही ठेवावीत.