जॅनेट लेन-क्लेपन

जॅनेट एलिझाबेथ लेन-क्लेपन (३ फेब्रुवारी १८७७ – १७ जुलै १९६७) या इंग्लिश वैद्यकतज्ज्ञ व साथरोगशास्त्रज्ञ होत्या. विवाहाचे वय, अपत्यसंख्या व स्तनपान यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी १९२६ साली पद्धतशीर तुलनेतून दाखवून दिला.

शिक्षण व आरंभीचे संशोधन

लिंकनशायर परगण्यातील एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून त्यांनी १९०५ साली विज्ञानातील व १९१० साली वैद्यकातील डॉक्टरेट संपादन केली. अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्यासमवेत त्यांनी स्तनग्रंथींच्या वाढीवर प्रयोग केले.

१९१२ साली त्यांनी बर्लिनमधील सुमारे ५०० अर्भकांच्या वजनांच्या नोंदी तपासल्या. गाईचे उकळलेले दूध घेणाऱ्या बाळांपेक्षा अंगावर पिणाऱ्या बाळांचे वजन अधिक भरत होते. हा फरक दुधामुळे की घरच्या गरिबीमुळे, हे पाहण्यासाठी त्यांनी वडिलांच्या मिळकतीचाही विचार केला.

स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास

केवळ रुग्णांची माहिती जमवून रोगाचे कारण ठरत नाही. रोग नसलेल्यांची स्थितीही तशीच असू शकते. म्हणून आरोग्य मंत्रालयासाठी केलेल्या या अभ्यासात त्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० स्त्रियांची तुलना कर्करोग नसलेल्या ५०० स्त्रियांशी केली. दोन्ही गटांना विवाह, बाळंतपणे व स्तनपान यांविषयी ठरावीक प्रश्न विचारण्यात आले. रुग्ण स्त्रियांचे विवाह तुलनेने उशिरा झालेले होते, त्यांना अपत्ये कमी होती व त्यांनी स्तनपानही कमी केले होते. असे निष्कर्ष समूहातील संभाव्यता सांगतात. त्यांवरून एखाद्या स्त्रीला रोग होईलच असे म्हणता येत नाही, किंवा तिला दोषही देता येत नाही.

निवृत्ती

१९२९ साली त्यांचा विवाह वरिष्ठ शासकीय अधिकारी सर एडवर्ड फोर्बर यांच्याशी झाला. विवाहित स्त्रियांना शासकीय सेवेत राहता येत नसल्याने त्यांना नोकरी सोडावी लागली आणि वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे संशोधनकार्य थांबले. पुढील ३८ वर्षे त्या संशोधनापासून दूर राहिल्या.

महत्त्व

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी असलेल्या वयाचे महत्त्व १९७० साली ब्रायन मॅकमेहन व सहकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने स्पष्ट केले. २०१० साली लेन-क्लेपन यांच्या आकडेवारीचे पुनर्विश्लेषण झाले, तेव्हा तिच्यातून मिळालेले निष्कर्ष आधुनिक संशोधनाशी जुळणारे आढळले. रुग्ण व रुग्ण नसलेल्या व्यक्ती यांची तुलना करण्याची ही पद्धत आज साथरोगशास्त्रात सर्वत्र वापरली जाते.