फुलांत देव पाहणारा कवी

फाल्गुन लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात पळस पेटतो. साकोली-लाखांदूरकडच्या रस्त्यानं जाताना पाहा, झाडावर पान म्हणून नसतं, पण प्रत्येक काळ्या फांदीवर केशरी फुलं लगडलेली असतात. त्याच्या मागोमाग मोह येतो. पावसाळ्यात बोड्यांमध्ये कमळं उघडतात. यांना कुणी खत घातलेलं नसतं, कुणी पाणी दिलेलं नसतं. वेळ झाली की ती आपली येतात. आपण पाहतो, छान म्हणतो अन् पुढच्या कामाला लागतो.

मैत्रिणींनो, एक माणूस मात्र असा होऊन गेला की तो रानातल्या फुलापाशी थांबायचा आणि त्याला त्यात देवाचं प्रेम दिसायचं. मराठीत त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आडनावावरून गोंधळ नको, हे लोकमान्य नव्हेत. हे ख्रिस्ती टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान.

मला या माणसाविषयी लिहावंसं वाटलं त्याला एक कारण आपल्या भागातलंच आहे. टिळकांचं आयुष्य ज्या प्रवासात बदललं, तो रेल्वेचा प्रवास आपल्या जिल्ह्यातून झाला. वर्ष होते १८९३. टिळक तेव्हा नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. नागपूर सोडलं की भंडारा रोड, मग तुमसर रोड, पुढे वैनगंगेचा पूल, नंतर गोंदिया (ते तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, १९९९ मध्ये वेगळं झालं) आणि मग राजनांदगाव. आजही गाडी याच मार्गाने जाते. त्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांच्या गप्पा जमल्या, कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करून ते निघून गेले. त्या पाहुण्याचं नावसुद्धा टिळकांना कधी कळलं नाही.

पण त्याआधीचे टिळक कोण होते, हे समजून घ्यायला हवं. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मणाचं घर. वडील वामनराव कमालीचे तापट. आई जानकीबाई मात्र मायाळू, कवितेची आवड असलेली. मुलाला शब्दांचा नाद लागला तो आईकडून. ती आई नारायण लहान असतानाच गेली. पोरकं पोर घर सोडून निघालं आणि पुढे आयुष्यभर भटकतच राहिलं. नाशिकला संस्कृत शिकले, कीर्तनं केली, शिक्षकी केली. एका जागी पाय टिकला नाही आणि हाती पैसाही टिकला नाही. कुणी मागितलं की देऊन मोकळे!

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. हीच आपली लक्ष्मीबाई. संसार म्हणजे आज इथे तर उद्या तिथे. मुलं झाली अन् गेली. दत्तू तेवढा हाताशी राहिला. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळकांना थोडं स्थैर्य मिळालं. तिथे ते संस्कृत ग्रंथांचं काम करीत, 'ऋषि' नावाचं मासिक चालवीत. त्या वयातही त्यांच्या मनात एकच घोर होता. ज्या धर्मात माणूस माणसाला शिवत नाही, त्यानं हा देश एक कसा व्हायचा? जातीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. देव हवा होता, पण सगळ्यांना पोटाशी धरणारा.

अशा मनःस्थितीत 'नवा करार' हाती आला. गिरिप्रवचनापाशी येऊन टिळक थबकले. डोंगरावर बसून येशूने लोकांना केलेला उपदेश तो. त्यात काय आहे? शत्रूवरसुद्धा प्रेम करा, हे आहे. उद्याची चिंता करू नका, हे आहे. आणि त्यासाठी दिलेला दाखला आहे रानातल्या फुलांचा! ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी त्यांच्यासारखा पोशाख शलमोन राजाला त्याच्या वैभवातही मिळाला नाही. आज आहे, उद्या नाही, अशा गवतफुलाला देव एवढा सजवतो, तर तुम्हाला कसा विसरेल? अशा अर्थाचं ते बोलणं आहे. आईविना वाढलेल्या आणि फुलांत रमणाऱ्या टिळकांना ही भाषा परकी वाटली नसणार, असं मला वाटतं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकितातली दोन वर्षंही साधारण तेवढीच भरली.

इथपर्यंतची गोष्ट वाचायला फार सुंदर आहे. पण मी एक बाई आहे, आणि माझं मन इथे अडतं. कारण त्याच वेळी माहेरच्या माणसांत असलेल्या सव्वीस वर्षांच्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. नवरा जिवंत, पण धर्मानं गेलेला. कुंकू लावायचं की पुसायचं? काखेत लहानगा दत्तू. लोकांचे टोमणे वेगळेच. पंढरपूरला बहिणीकडे राहून त्यांनी ते दिवस काढले. दुःखानं वेड लागायची वेळ आली होती. खरं सांगू? देवाच्या प्रेमाविषयी इतकं गोड लिहिणाऱ्या माणसानं आपल्या बायकोला हे भोगायला लावलं, याचा मला 'स्मृतिचित्रे' वाचताना दर वेळी राग येतो. फुलाला दिसणारं ते प्रेम घरातल्या माणसाला का दिसू नये?

पण या गोष्टीची खरी परीक्षा पुढेच आहे. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला (आताचं अहिल्यानगर) टिळकांकडे गेल्या, त्या आपला धर्म घेऊनच. त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं, चूल वेगळी. आणि टिळकांनी ते सगळं चालू दिलं. त्यांची स्वतंत्र सोय केली. बाप्तिस्मा घे म्हणून जबरदस्ती केली नाही. त्या काळात नवऱ्यानं डोळे वटारले असते तरी पुरलं असतं, हे लक्षात घ्या. पण ते थांबले. कळीची पाकळी बोटानं उघडायला गेलं तर फूल हाती येत नाही, फाटकी कळी येते. फुलांच्या या कवीला निदान एवढं नक्की कळत होतं.

आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःच विचारात पडल्या. जाती केल्या कुणी, देवानं की माणसानं? देवानं केल्या असत्या तर गाढव न् घोडा जसे दिसायला वेगळे, तशी माणसं वेगळी दिसली नसती का? कुणी प्रवचन दिलं नव्हतं, वाद घातला नव्हता. आपल्याच मनाशी त्यांनी निकाल लावला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. नवऱ्याच्या मागून फरफटत गेलेली बाई ती नव्हे.

तो दुष्काळाचा काळ होता. अनाथ पोरं रस्त्यावर आली होती. टिळकांच्या घरात ती येत गेली, राहत गेली. तारा नावाच्या मुलीला तर त्यांनी पोटच्या मुलीसारखं वाढवलं. टिळक माणसं घरी आणायचे आणि लक्ष्मीबाई त्यांच्या पानात काय वाढायचं याची जुळवाजुळव करायच्या. हे चित्र आपल्या ओळखीचं आहे ना?

टिळकांच्या कवितेतला देव समजून घ्यायचा तर या घराकडे पाहावं लागतं. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी मराठीपण टाकलं नाही. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानीत. इंग्रजी चालीच्या गाण्यांऐवजी त्यांनी अभंग, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. वारकरी विठोबाला माउली म्हणतात, तसं टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. लहानपणी गेलेली आई त्यांना जणू तिथे सापडली. त्यांची भजनं महाराष्ट्रातल्या चर्चमधून आजही गायली जातात.

आणि फुलं? त्यांच्या कवितेत गुलाब-मोगऱ्याइतकाच मान कुणी न पाहिलेल्या रानफुलाला आहे. 'वनवासी फूल' हे त्यांचं दीर्घ काव्य म्हणजे रानात उमललेल्या फुलाशी माणसानं केलेलं संभाषणच. जगापासून दूर एकटं राहावं की लोकांत येऊन त्यांच्या उपयोगी पडावं, हा त्यातला प्रश्न. टिळकांनी स्वतःपुरतं उत्तर दिलं ते जगून. त्यांचं घर कधी एकट्याचं राहिलंच नाही.

या घरात आणखी एक फूल वाढलं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानं डॉक्टर, आणि औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. तिथे एका सतरा वर्षांच्याही आतल्या पोरानं कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. पुढे टिळक त्याला नगरला आपल्या घरी घेऊन आले. हळवा, हट्टी, मध्येच रुसून बसणारा हा मुलगा लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेनं सांभाळला. 'फुलराणी' आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. तिचा कवी ज्या हातचं जेवला, ते हात लक्ष्मीबाईंचे होते. ठोंबरे ब्राह्मण आणि घर ख्रिस्ती, पण त्याला कुणी धर्म बदल म्हटलं नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस.

टिळक १९०४ मध्ये रीतसर पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. मान होता, पगार होता. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले असोत की नसोत, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांची एक बंधुता, अशी ती कल्पना. चर्चच्या भिंतीपेक्षा मोठं अंगण त्यांना हवं होतं. त्यासाठी फार दिवस मात्र मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आपल्या देहाला अग्नी द्यावा, ही त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे दहन झालं. ख्रिस्ती झालेला माणूस शेवटपर्यंत या मातीच्या रीतीचा राहिला.

त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. येशूचं चरित्र ओवीत सांगायचं, असा त्यांचा मोठा बेत, पण दहा-अकरा अध्यायांपलीकडे काम गेलं नव्हतं. ते हाती घेतलं लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी साठाहून जास्त अध्याय लिहून काढले. त्याच बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि त्यात टिळकांना देव केलं नाही. त्यांचा राग, विसराळूपणा, उधळेपणा, सगळं हसत हसत सांगितलं. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

आता चैत्रात आपल्या जंगलकाठच्या गावांत मोह गळेल. रात्रभर टपटप पडतो आणि झाडाखाली पिवळसर सडा होतो. वेचायला येणारीची जात झाड विचारत नाही, धर्म विचारत नाही. देवाचं प्रेम असं असतं, हेच टिळक आयुष्यभर सांगत राहिले, आणि मला ते पटतं. पण मोहफूल आपोआप टोपलीत येत नाही. पहाटे अंधारात उठून, कंबरेत वाकून ते एकेक वेचावं लागतं, आणि ते काम आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात. टिळकांना झाडावरचं फूल दिसलं. खाली वाकून ते वेचलं, निवडलं, वाळवलं आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटी घातलं, ते लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या श्रद्धेची गोष्ट सांगायची तर मला ही दोन्ही नावं एकत्रच घ्यावीशी वाटतात.