उपपदांच्या परदेशातला कादंबरीकार

‘ए’, ‘अॅन’ आणि ‘द’ ही इंग्रजीतील इवलीशी उपपदे मराठी माणसाची आयुष्यभर परीक्षा पाहतात. मराठीत उपपदे नाहीत, तशीच ती पोलिश भाषेतही नाहीत. तरीही जोसेफ कॉनरॅड हे पोलिश गृहस्थ इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबरीकारांत गणले गेले.

कॉनरॅड यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी आजच्या युक्रेनमधील बर्दिचिव्ह येथे झाला. वडील कवी, अनुवादक आणि पोलिश स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते. त्यापायी रशियन सरकारने साऱ्या कुटुंबाला हद्दपार केले. अकराव्या वर्षी कॉनरॅड पोरके झाले. मामांनी त्यांचा सांभाळ केला. १८७४ मध्ये खलाशी होण्यासाठी त्यांनी फ्रान्समधील मार्सेल गाठले. १८७८ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांना इंग्रजी जवळजवळ येतच नव्हती. ही भाषा त्यांनी उचलली ती खलाशांच्या तोंडून. १८८४ मध्ये मुंबई बंदरात ते ‘नार्सिसस’ या जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे त्याच जहाजाचे नाव त्यांच्या १८९७च्या कादंबरीच्या शीर्षकात आले. कप्तानपदाची परीक्षा ते १८८६ मध्ये, पहिल्या अपयशानंतर उत्तीर्ण झाले.

‘ऑलमेयर्स फॉली’ ही पहिली कादंबरी १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु मातृभाषेची आणि फ्रेंचची ओढ त्यांच्या लेखणीला सुटली नाही. अभ्यासकांना तिच्या खुणा उपपदांच्या वापरातही आढळल्या आहेत. ही ओढ दुहेरी होती. पोलिश भाषा उपपद गाळायला लावते, तर फ्रेंच ते स्वातंत्र्य, मृत्यू अशा भाववाचक नामांआधीही लावते, जिथे इंग्रजीत ते बहुधा नको असते. कथाकाराला ही चूक महागात पडते. जहाज प्रथमच दृष्टीस पडले तर ‘ए शिप’. वाचकाच्या ओळखीचे झाले की ‘द शिप’. उपपद चुकले, तर वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचाच गोंधळ उडतो.

एडवर्ड गार्नेट, फोर्ड मॅडॉक्स फोर्ड अशा साहित्यिक मित्रांची साथ आणि अखंड पुनर्लेखन यांच्या बळावर कॉनरॅड यांनी हा गड सर केला. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, ‘लॉर्ड जिम’ आणि ‘नोस्ट्रोमो’ ही त्या परिश्रमांची फळे. ३ ऑगस्ट १९२४ रोजी इंग्लंडमध्येच त्यांचे निधन झाले. बोलण्यातील परकी ढब अखेरपर्यंत गेली नाही. इंग्रजी गद्यावर मात्र त्यांची मुद्रा कायमची उमटली.