मोटारींचा सौदागर आणि लेकाच्या नावाचं रुग्णालय

आपल्या समाजात मोटार लाइनशी नातं असलेली घरं पुष्कळ. कुणाचे अब्बा ड्रायव्हर, कुणाचे चाचा गॅरेजवाले, कुणाचा भाऊ सेकंडहँड गाड्यांचा धंदा करतो. पान्हा हातात घेऊन लहानाची मोठी झालेली आपली मुलं आज स्वतःची शोरूम काढायची स्वप्नं बघतात. म्हणूनच आज आम्ही तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मिस्त्रीची गोष्ट सांगणार आहोत. ती अमेरिकेतली आहे, माणूसही आपल्या धर्माचा नाही. पण गोष्ट शेवटी येऊन थांबते ती आपल्याच उंबऱ्यावर.

चार्ल्स हॉवर्ड यांचा जन्म १८७७ सालचा, जॉर्जिया राज्यातला. तरुणपणी ते न्यूयॉर्कला सायकली दुरुस्त करायचे आणि सायकलच्या शर्यतीतही उतरायचे. १९०३ साली नशीब काढायला ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला गेले. गाडीतून उतरले तेव्हा खिशात फक्त २१ सेंट होते, असं सांगतात. उसनवारी करून त्यांनी व्हॅन नेस अव्हेन्यू या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलं.

सायकलच्या दुकानात मोटार

तेव्हा मोटार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं. रस्ते घोडागाड्यांचे, पेट्रोल पंप नावाची चीज नाही. पेट्रोल मिळायचं ते औषधांच्या दुकानात. मोटार दिसली की घोडे बुजायचे आणि लोक शिव्या द्यायचे. त्यात ती वारंवार बंद पडायची, आणि बंद पडली की न्यायची कुठे? गॅरेजच नव्हतं. मग मालक ती ढकलत हॉवर्ड यांच्या दुकानात आणायचे. आधी त्यांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. पण हात कामाचा होता. खोलून बघायचं, जोडून बघायचं, असं करत करत ते मोटारीचे मिस्त्री झाले.

दुरुस्ती करता करता त्यांच्या लक्षात आलं की या यंत्रात खोट असली तरी पुढचा जमाना याचाच आहे. १९०५ साली ते मोटार कारखान्यांच्या मुलखात, मिशिगनला गेले आणि ब्यूइक कंपनीचे प्रमुख विल्यम ड्यूरंट यांना भेटले. ड्यूरंट यांना हा धडपड्या तरुण आवडला. सॅन फ्रान्सिस्कोत ब्यूइक विकायचा हक्क हॉवर्ड यांना मिळाला. पहिल्या मोजक्या गाड्या आल्या त्या सायकलच्या दुकानातच उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक मात्र येईना.

भूकंपाची सकाळ

१८ एप्रिल १९०६. पहाटे पाच वाजून गेले होते. अख्खं सॅन फ्रान्सिस्को हादरलं. घरं पडली, पाण्याचे नळ फुटले आणि जागोजागी आगी लागल्या. आग विझवायला पाणीच नव्हतं, तीन दिवसांहून अधिक काळ शहर जळत राहिलं. सुमारे ३,००० माणसं गेली आणि चार लाखांच्या वस्तीतली निम्म्याहून जास्त उघड्यावर आली. ओझी ओढून ओढून घोडे रस्त्यात कोसळत होते.

अशा वेळी जखमींना न्यायचं कसं? ज्या मोटारींना लोक नाकं मुरडत होते त्याच कामाला आल्या. शहरातल्या इतर मोटारींबरोबर हॉवर्ड यांच्या ब्यूइकही जखमींना घेऊन धावल्या. आग पुढे सरकू नये म्हणून सैन्यानं व्हॅन नेसच्या कडेच्या इमारती सुरुंग लावून पाडल्या. आग त्या रुंद रस्त्यावर थोपवली गेली. हॉवर्ड यांचं दुकान मात्र गेलं. उरल्या त्या गाड्या.

एखादा खचून गावी परतला असता. हॉवर्ड यांनी त्याच शहरात पुन्हा मांडणी केली. भूकंपानंतर मोटार ही चैन नसून गरज आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हळूहळू व्हॅन नेसवर एकामागून एक मोटारींची दुकानं उभी राहिली, इतकी की तो रस्ता मोटारवाल्यांचाच म्हणून ओळखला जाऊ लागला.

घोडा द्या, मोटार न्या

हॉवर्ड यांची विक्रीची रीत बघण्यासारखी होती. नुसती जाहिरात करून ते बसले नाहीत. गाडी मजबूत आहे हे दाखवायला ते स्वतः ती घेऊन शर्यतीत उतरायचे, चढणीवर चढवून दाखवायचे, आणि जिंकले की ती बातमी वर्तमानपत्रात छापून आणायचे. दुसरी गोष्ट म्हणजे ते गिऱ्हाइकाची अडचण ओळखायचे. लोकांकडे रोकड कमी, घोडे मात्र होते. हॉवर्ड मोटारीच्या किमतीत घोडा वळता करून घ्यायचे. आज जुनी गाडी देऊन नवी घेतात ना, तसंच. घोड्याचे दिवस आता संपले, असं ते छातीठोकपणे मानायचे. पण या सौद्यांतून घोडा पारखायची नजर मात्र त्यांना आली.

काही वर्षांतच पश्चिमेकडच्या राज्यांत ब्यूइकचं वितरण त्यांच्या हाती आलं. ड्यूरंट यांनी १९०८ साली जनरल मोटर्स ही कंपनी काढली होती. पुढे ती पैशाच्या अडचणीत आली तेव्हा हॉवर्ड यांनी १,९०,००० डॉलर देऊन हात दिला, असं त्यांच्या चरित्रात नमूद आहे. याच जनरल मोटर्सनं १९२८ साली आपल्या मुंबईत, शिवडीला, गाड्या जोडायचा कारखाना काढला. २१ सेंट घेऊन आलेल्या मिस्त्रीची गणना आता अमेरिकेतल्या बड्या मोटार व्यापाऱ्यांत होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, विलिट्स नावाच्या छोट्या गावाजवळ, त्यांनी हजारो एकरांचं कुरण घेतलं. नाव रिजवुड.

९ मे १९२६

हॉवर्ड यांना फ्रँक नावाचा मुलगा होता. घरचे त्याला फ्रँकी म्हणायचे. वय १५. तो रविवार होता. वडील कुरणावर नव्हते. फ्रँकीनं तिथला एक जुना ट्रक काढला आणि मासे धरायला डोंगराकडे निघाला. दोनेक मैलांवर वाटेत एक मोठा दगड आला. तो चुकवायला त्यानं गाडी वळवली, चाक कडेवरून घसरलं आणि ट्रक दरीत उलटला. पाहणारं कुणी नव्हतं. पुढे कुरणावरच्या माणसाला खाली चाकं दिसली. धावत जाऊन बघतो तो पोरगा ट्रकखाली अडकलेला. रुग्णालय मैलोन्‌मैल लांब. गावातले डॉक्टर येऊन पोहोचले, पण त्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं.

ज्या बापानं हजारो लोकांच्या हाती गाडीची चावी दिली, त्याचाच लेक गाडीखाली गेला. मोटारीचा इतका जाणकार बाप, तरी १५ वर्षांच्या पोराला ट्रक काढण्यापासून अडवणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. हे लिहिताना आमचा हात थबकतो, कारण असे जनाजे आपल्या गावांतूनही निघालेले आपण पाहिले आहेत.

हॉवर्ड कित्येक दिवस सावरले नाहीत. मग गावातल्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक गोष्ट मांडली. या भागात साधं रुग्णालय नाही, अपघात झाला की माणूस वाटेतच जातो. हॉवर्ड यांनी मनावर घेतलं. पैसा ओतून विलिट्समध्ये रुग्णालय उभं केलं आणि त्याला लेकाचं नाव दिलं, फ्रँक आर. हॉवर्ड मेमोरियल हॉस्पिटल. पुढं त्याच्या कारभारातही त्यांनी लक्ष घातलं. आज जवळपास शंभर वर्षं होत आली, ते रुग्णालय चालूच आहे. २०१५ साली ते नव्या इमारतीत गेलं. नावात हॉवर्ड अजूनही आहे.

हॉवर्ड १९५० साली वारले. जग त्यांना ओळखतं ते दुसऱ्याच कारणानं. घोड्यांचा जमाना संपवायला निघालेल्या या माणसानं १९३६ साली सीबिस्किट नावाचा, इतरांनी टाकून दिल्यासारखा घोडा विकत घेतला आणि त्या घोड्यानं मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. त्यावर पुस्तक आलं, सिनेमा निघाला. शर्यतीवरचा जुगार आपल्याकडे हराम आहे, त्याची भलामण आम्ही करणार नाही. आमच्या लेखी हॉवर्ड यांची खरी कमाई म्हणजे विलिट्सचं रुग्णालय. सीबिस्किट तर केव्हाच गेला. त्या रुग्णालयात मात्र आजही कुणाचं तरी लेकरू वाचत असेल.

आपण काय घ्यायचं?

त्यांचा हिशेब अल्लाहकडे आहे. आपण धडा घ्यायचा. पहिला धडा रोजीचा. हात काळे करणारं काम कमी दर्जाचं नसतं. ज्याला यंत्र उघडता येतं तोच उद्या ते नीट विकू शकतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे मनात ठेवावं.

दुसरा धडा चावीचा. पोरगं दहावीला गेलं की बाइकसाठी हट्ट धरतं आणि आपण लाडानं चावी देतो. कधी तर फजरला मस्जिदीत जायचं निमित्त असतं, कधी दूध आणायचं. १८ वर्षांच्या आत गिअरची गाडी चालवायला कायद्यानं बंदी आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायद्याचं सोडा. औलाद ही अल्लाहनं आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. चावी खिशातच ठेवावी.

तिसरा धडा दुःखाचा. सबर म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. आपल्या मरहूम नातलगांच्या नावानं आपण जेवणावळी घालतो, संगमरवरी दगडावर नावं कोरतो. त्यातले थोडे पैसे मोहल्ल्यात एका ॲम्ब्युलन्ससाठी, ऑक्सिजन मशीनसाठी, तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका खाटेसाठी काढले तर? सदका-ए-जारिया आपल्याला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या माणसांना वाचवणं, ही आपलीच शिकवण आहे. ती अमलात आणणं तेवढं राहून जातं.

येत्या जुम्याला आपल्या जमातीत हा विषय काढून बघा. गावापासून जवळचा दवाखाना किती लांब आहे, रात्री गाडी कोण काढणार, त्याचा फोन नंबर कुणाकडे आहे, एवढं जरी ठरलं तरी मोठं काम होईल. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.